मदत हवी आहे: कुत्र्याची किडनी गेली, नागपूरला न्यावं का?

वाघ्या, गावठी, वय 11, वजन 19 किलो. आम्ही घाटंजी तालुक्यात खेड्यात राहतो. दहा दिवसांपासून खाणं बंद, उलट्या, तोंडाला घाण वास. यवतमाळला रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) 9.4 निघालं, ते साधारण दीडच्या आत हवं. गोचीड तापाची टेस्ट निगेटिव्ह. पाच दिवस शिरेतून सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन दिलं, परत तपासलं तर 8.7. माणसांची कोणतीच गोळी दिलेली नाही. रेबीजची लस दरवर्षी झाली आहे.

आतापर्यंत 7,000 लागले. नागपूरला आठवडाभर भरती ठेवायचं तर 20 ते 25 हजार सांगतात, गाडीभाडं वेगळं. घरात एवढेच आहेत, तेही हरभऱ्याच्या बियाण्या-खताचे. कर्ज काढायचं नाही, हे नक्की.

बाबांनी वावरात जागलीला जाणं सोडलं. रात्रभर अंगणात पोतं टाकून त्याच्याजवळ बसतात, बोटानं दही त्याच्या ओठाला लावतात. तो चाटत नाही, शेपूट मात्र एकदा हलवतो. ते पाहिलं की माझा काहीच निर्णय होत नाही.

एवढ्या क्रिएटिनिनवर, या वयात कोणाचा कुत्रा सावरला का? सावरला तर किती दिवस नीट खाऊन-पिऊन राहिला? घरी कातडीखाली सलाईन कोणी दिलंय का, आणि ते कोणाकडून शिकलात? आणि इंजेक्शननं शांत जाऊ द्यायचं ठरलं तर डॉक्टर खेड्यात घरी येतात का, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला हे तुम्ही कसं सांगितलंत?