मदत हवी आहे: कावीळ डुकरांमुळे की पाण्यामुळे, हे कसे ठरवावे?

यावल तालुक्यातील आमच्या गावात कावीळ झालेल्या चौघांची हेपॅटायटिस ई या विषाणूसाठीची आयजीएम (रक्तातील प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. नळाची पाइपलाइन ज्या गटारातून जाते त्यात दिवसभर डुकरे लोळतात, त्यामुळे सारा दोष डुकरांवर येत आहे. भारतात माणसांत या विषाणूचा मुख्यतः जनुकप्रकार १, तर डुकरांत ४ आढळतो. हा ४ ऱ्हीसस माकडांना बाधतो हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, पण १ डुकरांना होत नाही. म्हणजे प्रकार कळणे निर्णायक आहे, आणि आयजीएम चाचणीतून तो कळत नाही. पाणी उकळून पिणे सुरूच आहे. रुग्णांना कावीळ होऊन बारा दिवस झाले असताना पीसीआरसाठी रक्त घ्यावे की विष्ठा, आणि नमुना पुण्यापर्यंत बर्फात पाठवला तर टिकेल का?