आशा फक्त आत्म्यापुरती नाही
कुणी कुणी म्हणतं, ख्रिस्ती आशा म्हणजे मेल्यावर आत्मा स्वर्गात गेला की झालं. तेवढंच नाही हो. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या कबुलीत, ‘देहाचे पुनरुत्थान’ (मेलेला देह पुन्हा जिवंत उठणं) असं स्पष्ट म्हटलंय. मेलेल्यांतून उठलेल्या येशूनं तर शिष्यांदेखत भाजलेला मासा खाल्ला (बायबल, लूक 24), म्हणजे देहासकट उठला! प्रेषित पौल बायबलातल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय 15) बियाण्याचा दाखला देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते निराळं, पण त्याच दाण्याचं. आमच्या जालन्याकडं मृगात सरकी लावणाऱ्याला हे फोडून सांगावं लागत नाही. ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरींपाशी गीतं गातात, ती याच भरवशावर. आणि आशा आहे म्हणून रडायचं नाही, असं मुळीच नाही. आपला मेलेला मित्र लाजर याला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडलाच की.