मदत हवी आहे: झोपून सप्तर्षी दिसतील अशी मुक्कामाची जागा (नवी मुंबईहून अडीच-तीन तासांत)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. वडिलांसाठी (आम्ही त्यांना नाना म्हणतो) एका रात्रीच्या मुक्कामाची जागा शोधतेय. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना आकाश दिसलं पाहिजे, ही अट मी सोडणार नाही. बाकी जेवण, पोहायचा तलाव, काहीही नसलं तरी चालेल.

नाना ७४ वर्षांचे आहेत. आधी मशीद बंदरात आणि मग वाशीच्या मार्केटात माथाडी होते. जन्मभर पाठीवर पोती वाहिली, आता मणक्याचं ऑपरेशन झालंय. पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही आणि मान मागे टाकता येत नाही. उताणं पडलं की मात्र बरं वाटतं. आमचं गाव पाटण तालुक्यात. उन्हाळ्यात सगळं घर अंगणात झोपायचं, पोरं घोंगडीवर आणि आजोबा सुंभाच्या बाजेवर. सप्तर्षींना नाना अजून 'बाजलं'च म्हणतात. चौकोनाचे चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. मृगातले ओळीतले तीन तारे म्हणजे 'तिकांडं'. परवा रात्री पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "बाजलं आलं का गं वर?" आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे गच्चीवरचे दिवे दिसतात आणि त्यामागे पिवळट, दुधाळ आभाळ. "बघते" म्हटलं आणि खिडकीपाशीच उभी राहिले. काय सांगणार होते?

डिसेंबरात एक प्रयत्न फसलाय. कर्जतच्या बाजूला पारदर्शक डोम असलेली एक जागा मिळाली होती, 'पलंगावरून तारे' अशी जाहिरात होती. (नाव मुद्दाम देत नाही.) हिरवळीवर रात्रभर हॅलोजन चालू, झाडांना दिव्यांच्या माळा. विनंती केली तर म्हणाले, सुरक्षेसाठी बंद करता येत नाहीत. तरी दहाच्या सुमारास दोन-चार तारे दिसत होते, पण अकरापर्यंत प्लॅस्टिकवर बाहेरून दव धरलं आणि सगळं धूसर झालं. मी स्टुलावर चढून टॉवेलने पुसत होते, पाच मिनिटांत परत तेच. नाना म्हणाले, "राहू दे गं, पडशील." संडासही सात पायऱ्या उतरून होता.

घरी आल्यावर समजून घेतलं. उघड्या आकाशाखाली पातळ प्लॅस्टिक रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होतं, मग आपल्याकडची दमट हवा त्यावर पाणी सोडते. फिनलंडमधल्या काचेच्या इग्लूंची काच गरम ठेवतात, म्हणून तिच्यावर हिम धरत नाही. इथे तशी सोय कुणी करत असेल तर जरूर सांगा. आणखी एक, डिसेंबरात सप्तर्षी ईशान्येला पूर्ण वर यायला मध्यरात्र उलटते. दवाने झाकलं नसतं तरी नानांना जागेपणी बाजलं दिसलं नसतं. हे मी आधी बघायला हवं होतं.

छताला काचेची खिडकी असलेल्या खोल्याही पाहिल्या. बुकिंगआधी एक हिशेब केला, तो इतरांनाही उपयोगी पडेल. पलंगावर आपला डोळा जमिनीपासून दोन फुटांवर, छत दहा फुटांवर, म्हणजे मधे आठ फूट. खिडकी चार फुटांची धरली तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना चौदा-चौदा अंश, एवढंच आकाश दिसतं. आपलं ठिकाण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, आणि स्वाती हा तारा आकाशाच्या विषुववृत्तापासून जवळपास तेवढेच अंश उत्तरेला. त्यामुळे स्वाती आपल्या अगदी डोक्यावरून जाते. एप्रिलच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास ती या खिडकीत जवळजवळ दोन तास राहील. सप्तर्षी मात्र सगळ्यात वर आले तरी डोक्यापासून ३० ते ४२ अंश उत्तरेला असतात, म्हणजे अशा खिडकीच्या पार बाहेर. नानांना छतातली खिडकी कामाची नाही. उत्तरेकडे मोकळं अंगण, ओसरी किंवा उत्तरेच्या भिंतीला मोठी काच हवी. पलंग असा ठेवायचा की डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. आईलाही हे चालेल, दक्षिणेकडे पाय करून ती कुणाला झोपू देत नाही.

वेळ मार्च-एप्रिलची. पाडव्याच्या आधीची अमावास्या किंवा चैत्र अमावास्या, त्याच्या पुढेमागे दोन-तीन दिवस. तेव्हा रात्री नऊला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात, एप्रिलच्या मध्याला अकराच्या सुमारास सगळ्यात उंच. पावसाची भीती कमी आणि उघड्यावर झोपण्याइतका उकाडाही असतो.

वांगणीचा अनुभव आहे. कॉलेजात असताना खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला गेले होते, मैदानात चादरीवर बसून तारे ओळखायला तिथेच शिकले. पण नानांना जमिनीवर उठबस शक्य नाही. लडाखमधल्या हानलेची हौस मलाच आहे, पण सुमारे ४,५०० मीटर उंचीवर त्यांना नेणं नको. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेलं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, पण नागपूरपलीकडचा प्रवास त्यांच्या पाठीला झेपणार नाही.

मुरबाड तालुक्यात माळशेजच्या बाजूला, जव्हार किंवा भंडारदरा, इथे कुणी अंगणात खाट टाकून राहिलंय का? घर तळमजल्यावर हवं, कमोड हवा, आणि मालकाने रात्री अंगणातले दिवे बंद करायला हो म्हटलं पाहिजे. फोटो दिवसाचे नकोत. रात्री तिथे उभं राहून उत्तरेकडे काय दिसतं, डोंगर किती उंच आहे, शहराचा उजेड कुठल्या बाजूला आहे, हे लिहिलंत तर फार मदत होईल. आगाऊ धन्यवाद.

भर (दोन दिवसांनी):

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. खोडदची दुर्बीण सुचवणाऱ्यांना सांगायचं तर ती रेडिओलहरींची आहे, तिथे डोळ्यांनी तारे बघायची सोय नाही. मच्छरदाणीबद्दल तिघांनी विचारलंय. बारीक जाळीतून मंद तारे हरवतात हे खरं, त्यामुळे डोक्याकडची बाजू उघडी ठेवून पायाशी टेबलफॅन लावायचा विचार आहे.

एका प्रतिसादात केनियातल्या लोइसाबाचे फोटो आहेत. तिथे पलंगांना चाकं असतात आणि रात्री पलंग छपराखालून मचाणाच्या उघड्या भागावर ढकलत आणतात. ते बघून भाऊ म्हणाला, "नानांच्या फाउलर बेडलाही चाकं आहेत की!" खरंच, दवाखान्यासारखा तो बेड आम्ही सर्जिकलच्या दुकानातून भाड्याने आणलाय. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर उचलते. तीस अंश उचलली तर मान न वळवता नजर थेट उत्तरेच्या आकाशावर जाते. काल रात्री करून पाहिलं, नाना पडल्या पडल्या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

तेव्हा आता प्रश्न जरा बदललाय. मुरबाडच्या बाजूच्या ज्या सदस्याने आपल्या मामांच्या घराचं अंगण सुचवलंय, त्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. अंगण शेणाने सारवलेलं आहे की कोबा केलाय? चाकं चार इंची आहेत, मातीत रुतली तर खाली फळ्या टाकाव्या लागतील, त्या आम्ही इथूनच टेम्पोत घालून आणू. आणि दाराची रुंदी मोजून सांगाल का? बेड साडेतीन फुटांचा आहे. पहाटे दव पडायला लागलं की तो आत घेता आला पाहिजे.