लूज गेममध्ये एक्क्याची जोडी आली की तिसऱ्या पानालाच रेझ का?

धरमपेठ_इस्पिक:
दिवाळी आली की आमच्याकडे रात्री सेव्हन कार्ड स्टड रंगतो. हा पोकरचाच प्रकार: प्रत्येकाला सात पानं, पहिली दोन आणि शेवटचं बंद, मधली चार उघडी. तिसऱ्या पानापासून प्रत्येक पानानंतर बोली, आणि शेवटी ज्याची पाच पानं सरस तो जिंकतो. लिमिट 10-20, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पानाला 10 ची बोली, पाचव्यापासून 20 ची. अँटी, म्हणजे पानं वाटण्याआधी प्रत्येकानं टाकायचे, 2 रुपये. ज्याचं उघडं पान सगळ्यात लहान, त्यानं 5 टाकून सुरुवात करायची. सहा जण बसतात आणि सहाही पैसे टाकून खेळात येतात, म्हणजे पक्का लूज गेम. तीन पत्तीवर वाढलेली मंडळी, 10 रुपयांसाठी पॅक होणं त्यांना पटतच नाही.

माझं म्हणणं, अशा टेबलावर एक्क्याच्या जोडीलाही तिसऱ्या पानाला रेझ नको, म्हणजे 5 ची बोली वाढवून 10 करायची नाही. रेझ करायचा तो गर्दी पांगवायला. इथं गर्दी हलत नाही, नुसता पॉट, म्हणजे मध्ये जमलेला पैसा, फुगतो. सगळे 5 वर आले तर पॉट 42. चौथ्या पानाला मी 10 लावले, तर तीन बदाम आणि एक भलतंच पान घेऊन बसलेला 52 साठी 10 देतो. त्याचा कलर, म्हणजे पाच बदाम, लागतो साधारण 10.5 टक्के वेळा. दहादा 10 देऊन एखाददाच 52 हाती, म्हणजे कॉल (10 देऊन खेळात राहणं) सरळ तोट्याचा. आधीच रेझ केला असता तर पॉट 72, आणि तो 82 साठी 10 देणार, म्हणजे जवळपास बरोबरीत. त्याची चूक मीच निस्तरून दिली की!

इतवारी_गुलाम:
नाही पटलं भाऊ. तुम्ही फक्त चौथं पान पाहून राहिले. तिसऱ्या पानाला पाच जण 5-5 रुपये जास्त टाकतात, ते 25 काऊन सोडायचे? सहा जणांत सरासरी वाटा 16-17 टक्के, एक्क्याची जोडी त्याहून नक्कीच जास्त जिंकते. पानं सरस असताना पैसे आत घ्यायचे नाहीत, तर कधी घ्यायचे? आणि तो बदामवाला 10 देऊन सुटत नाही. पाचव्याला 20, सहाव्याला 20. 82 ला 10 हे अर्धंच गणित आहे.

सदर_राणी:
उघड्या पानांबद्दल दोघंही बोलत नाही आहात. स्टडचा जीव तिथंच आहे. हातात तीन बदाम आणि समोरच्या पाच उघड्या पानांत एकही बदाम नसेल, तर कलर जवळपास 22 टक्के वेळा लागतो. तिथं तीन बदाम दिसले की तोच आकडा 11 वर येतो. एक्क्याचंही तसंच. उरलेल्या दोनपैकी एक एक्का कुणापुढे उघडा पडला असेल, तर मी रेझ करत नाही. दोन्ही शिल्लक असतील तर लगेच करते. आणि जोडी बंद पानांत असेल तर फारच उत्तम, कारण माझ्याकडे एक्के आहेत हे कुणाला कळतच नाही.

धरमपेठ_इस्पिक:
ताई, पानं मोजायची हे मान्य. पण एक्के शिल्लक असले तरी जोडी सुधारेलच असं नाही, आणि नुसत्या एका जोडीवर पाच जणांपुढे शेवटपर्यंत टिकणं फार अवघड. म्हणून पॉट लहान ठेवून पाचव्या पानाची वाट पाहतो. माझ्या उजवीकडच्यानं 20 लावले की मी 40 करतो. पुढच्यांना एकदम 40 द्यायचे म्हटल्यावर हीच मंडळी पॅक होतात.

इतवारी_गुलाम:
लहान जोडीवाले होतील. पण चौथ्याच पानाला ज्याचे चार बदाम झाले, त्याचा कलर तिथून 47 टक्के वेळा लागतो. त्याला 20 लावा की 40, तो हलत नाही. त्याच्याकडून तिसऱ्या पानाला जास्तीचे 5 घ्यायची वेळ होती, ती तुम्ही सोडून दिली.