मदत हवी आहे: रेसमधून निवृत्त घोडा ड्रेसाजला जमतोय, उडीला उधळतोय

नमस्कार मंडळी,

दिवाळीत रेसमधून निवृत्त झालेला सहा वर्षांचा थरोब्रेड घेतला. पुण्याजवळच्या एका तबेल्यात ठेवलाय. एरवी गरीब, सईसामागे शेळीसारखा फिरतो. पण वर बसून लगाम आवळला की त्याला रेसच आठवते. जितकं ओढावं तितका हातावर रेलून पळतो.

पहिले दोन महिने नुसता मोकळा सोडला, हळूहळू चालवला. मग ड्रेसाजची, म्हणजे तालात, शिस्तीत चालवण्याची सुरुवात: लंजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) आणि 20 मीटरची वर्तुळं. ट्रॉट (दुडकी चाल) आता बऱ्यापैकी तालात आहे. कँटर (संथ दौड) मात्र उजवीकडे सुरेख आणि डावीकडे मागितला की चुकीच्या पायावर सुटतो, म्हणजे डाव्याऐवजी उजवा पुढचा पाय आघाडीवर टाकतो. आपल्याकडच्या रेस उजव्या वळणाच्या, त्याचा परिणाम असेल का?

खरी डोकेदुखी उडीची. जमिनीवरचे चार पोल 1.3 मीटर अंतराने लावले तर ट्रॉटमध्ये शांतपणे ओलांडतो. त्याच रांगेत पुढे 40 सेंटीमीटरची फुली (दोन तिरक्या पोलची छोटी उडी) ठेवली की शेवटच्या पोलवरूनच झेप घेतो आणि उतरल्यावर आवरत नाही. प्रशिक्षक म्हणतात, कडक बिट (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) लावा आणि दोन महिन्यांत 80 सेंटीमीटरच्या स्पर्धेत उतरवा. मला पटत नाही, पण माझा अनुभव रायडिंग स्कूलच्या म्हाताऱ्या घोड्यांपुरता. काय करू?

प्रतिसाद

बिटला हात लावू नका. आधी दात आणि पाठ डॉक्टरांना दाखवा, खोगीर नीट बसतंय का बघा. डावीकडचा त्रास नुसत्या सवयीचा नसेलही.

दुखणं नसेल तर डावीकडे ट्रॉटमध्ये वर्तुळ 15 मीटरपर्यंत लहान करा, मग तुमच्या आतल्या पायाने त्याला हळूहळू बाहेर सरकवत 20 वर न्या आणि तिथे कँटर मागा. घाई नको, आठवडे लागतात.

एक विचारायचं राहिलं, शेवटच्या पोलपासून फुली किती अंतरावर आहे? तीही 1.3 वर असेल तर बिचारा पाय टाकणार कुठे? साधारण अडीच मीटर ठेवा. उतरल्यावर सरळ न सोडता वर्तुळावर घ्या, तीन शांत उड्या झाल्या की खाली उतरून चंदी द्या.

धागाकर्ता

आत्ताच टेप लावून आलो. दीड मीटर निघालं. दोष घोड्याला देत होतो! डॉक्टर शनिवारी येतायत, तोवर फुली काढून ठेवलीय.