बिल ब्रुफर्डने ‘यस’ सोडलं ते योग्यच केलं

लयवेडा:
प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताच्या) गप्पांत ड्रमर बिल ब्रुफर्डचं नाव निघालं की एक हळहळ हमखास कानावर येते: ‘यस’ ह्या बँडमध्येच राहिला असता तर! मला ती मुळातच पटत नाही. १९७२चा उन्हाळा आठवा. ‘क्लोज टू द एज’ हा ‘यस’चा अल्बम नुकताच रेकॉर्ड झालेला, अमेरिकेचा दौरा तोंडावर, नाव आणि पैसा दोन्ही दारात उभे. आणि २३ वर्षांचा हा ड्रमर सगळं सोडून किंग क्रिमसन ह्या बँडमध्ये गेला. तिथे तर उद्या काय वाजवायचं हे कुणालाच ठाऊक नसायचं.

त्या अल्बमचं शीर्षकगीत जवळपास १९ मिनिटांचं आहे. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ते तुकड्यातुकड्यांनी वाजवलं, टेप कापून जोडली. ऐकायला अप्रतिम, वादच नाही. पण ज्याचे कान लहानपणापासून जॅझकडे लागलेले, त्याला त्याच वाटेवर पुढे काय मिळणार होतं? पुन्हा तीच घोटाई. ‘यस’ सोडलं म्हणूनच पुढची ३७ वर्षं तो नवं काही शिकत वाजवू शकला, असं माझं ठाम मत आहे.

खर्जातला:
असहमत. तुम्ही फक्त जाणाऱ्याची बाजू मांडलीत. मागे राहिलेल्यांचं काय? दौरा अगदी उंबरठ्यावर असताना अ‍ॅलन व्हाइट ह्या ड्रमरला बोलावलं गेलं आणि तो सगळा किचकट कार्यक्रम त्याला अवघ्या तीन दिवसांत बसवावा लागला. त्याने तो बसवला. पुढे २०२२मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षं, तो ‘यस’चाच राहिला.

ठेका धरणाऱ्याच्या भरवशावर बाकीचे मोकळे होतात. ब्रुफर्डचं बघा: ‘यस’, क्रिमसन, १९७६मध्ये जेनेसिसबरोबर दौरा, मग ‘यू.के.’, मग स्वतःच्या नावाचा बँड, परत क्रिमसन, मग अर्थवर्क्स हा जॅझ बँड. तुम्ही ह्याला शोध म्हणा, मला ह्यात अस्थिरपणाच दिसतो.

लयवेडा:
व्हाइटबद्दल मलाही आदर आहे. पण क्रिमसन ब्रुफर्डने सोडलं नव्हतं. १९७४मध्ये क्रिमसनचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप ह्यानेच बँड मोडला, तेव्हा त्यांचा ‘रेड’ अल्बम बाजारात यायचा होता.

आणि क्रिमसनचं ‘ट्रायो’ ऐकलंय का तुम्ही? नोव्हेंबर १९७३, अ‍ॅमस्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाऊ सभागृह. कार्यक्रम चालू असताना व्हायोलिन, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) आणि बेस ह्यांच्यात, आधी काही न ठरवता, एक हळुवार तुकडा सुरू झाला. ब्रुफर्ड स्टिक्स छातीशी धरून बसून राहिला. शेवटपर्यंत एक ठोका नाही! हा तुकडा पुढे ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ अल्बमवर आला, तेव्हा रचनाकारांत ब्रुफर्डचंही नाव होतं, कारण त्याचं न वाजवणं हाही रचनेतला वाटा आहे असं सोबत्यांनी मानलं. सगळं आधी बांधून घेणाऱ्या ‘यस’मध्ये असा प्रसंग येणंच अवघड होतं. थांबायचं कधी हे आयत्या वेळी कळणं, ह्याहून मोठी साथ कुठली?

बंदिशप्रेमी:
मी तबला वाजवतो, त्यामुळे थोडं वेगळं ऐकू येतं. ब्रुफर्ड घडला तो ‘यस’मध्येच, हे तुम्ही दोघंही सोडून देताय. ‘फ्रॅजाइल’ (१९७१) लावा, ‘हार्ट ऑफ द सनराइज’ ऐका. स्नेअर ड्रमचा तो टणत्कार, कडेवर आणि चामड्यावर एकदमच बसणारा फटका, ही त्याची सही तिथे पक्की झालेली आहे. तेव्हा ‘यस’ सोडलं म्हणून तो मोठा झाला, हे मला पटत नाही.

क्रिमसनने त्याला दिलं ते वेगळंच. १९८१च्या ‘डिसिप्लिन’ अल्बमच्या वेळी सिंबल (झांज) शक्यतो वाजवू नकोस, असा फ्रिपचा आग्रह होता. ड्रमरचा उजवा हात वर्षानुवर्षं हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नाहीतर सिंबलवर चालतो. तेच काढून घेतलं की आयुष्यभराची सवय मोडते. त्यातल्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये दोन गिटारी एकमेकींपासून सरकत जातात, मात्रा जुळेनाशा होतात, आणि पुन्हा एका जागी येतात. तोवर लय सांभाळायची ह्यानेच. खर्जातला, ह्याला अस्थिरपणा म्हणणार?

खर्जातला:
नाही, तिथे मान्य. पण इलेक्ट्रॉनिक ड्रम्सचं काय? सुरुवातीच्या अर्थवर्क्समध्ये तो पॅडवर चक्क कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) वाजवायचा. कल्पना धाडसी, पण तो आवाज आज जुनाट वाटतो. पुढच्या अर्थवर्क्समध्ये स्वतः त्यानेच साध्या ड्रम्सकडे परतणं पसंत केलं. आणि २००९च्या सुरुवातीला जाहीर वादनच थांबवलं.

लयवेडा:
थांबवलं आणि विद्यापीठात गेला! २०१६मध्ये सरे विद्यापीठातून पीएच.डी., विषय निष्णात ड्रमर्सची सर्जनशीलता. सत्तरी ओलांडल्यावर पीट रॉथ ह्या गिटारवादकाच्या त्रिकुटात पुन्हा ड्रम्सवर बसला, तेही लहान जागांत, जॅझ वाजवायला. तेवीसाव्या वर्षी जे हवं होतं तेच हा माणूस अजून वाजवतोय.

खर्जातला:
त्याचं त्याला मिळालं, आनंद आहे. माझा प्रश्न ‘यस’च्या गाण्यांचा आहे. १९७३चा ‘यससाँग्ज’ हा लाइव्ह अल्बम लावा. त्यात थोड्या जागी ब्रुफर्ड आहे, बाकी सगळीकडे व्हाइट. ‘क्लोज टू द एज’ तिथे व्हाइटच्या हातात आहे. नक्षी कमी, वजन जास्त, आणि ‘यस’चा गायक जॉन अँडरसनला गायला मोकळी जागा. हजारो लोकांपुढे ते गाणं उभं राहिलं ते व्हाइटमुळे, ह्या मतावर मी कायम आहे.