‘कुटुंब वाचवा’ फॉरवर्डवरून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर

ए ३०१ (काका): फॉरवर्ड: “कुटुंब मोडायला दोनच गोष्टी पुरतात. करिअरवाल्या सुना आणि परदेशातून आलेलं समलिंगी खूळ. संस्कारी घरांनी पुढे पाठवा.”

बी १०४: खरंय काका 👍

सी ४०२ (काकू): काका, राग नाही, पण उत्तर इथेच देते. असल्या मजकुरात बाई एकतर पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरणारी लक्ष्मी, नाहीतर घर फोडणारी. आणि माझ्या मुलासारखा गे मुलगा माणूसच नाही, ‘खूळ’. त्याला विचारूनच लिहितेय. ह्यांच्या बायपासनंतर दोन महिने तो आणि त्याचा जोडीदार इथे होते. रात्री ह्यांना खोकला आला की जोडीदार उठून छातीशी उशी धरायचा, टाके ताणू नयेत म्हणून. फॉरवर्डवर सात अंगठे दिसताहेत. त्यातले तिघं तेव्हा डबा घेऊन आले होते. त्या जोडीदाराच्याच हातात दिला होता.

बी १०४: काकू, पण कोर्टानेच नाही म्हटलं ना?

सी ४०२ (काकू): समलिंगी लग्नाला, हो. सर्वोच्च न्यायालयाने, १७ ऑक्टोबर २०२३ ला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत. ते मला अजून लागतं. पण ऑगस्ट २०२२ चा निकालही वाच. चंडीगडच्या एका नर्सला बाळंतपणाची रजा नाकारली, कारण नवऱ्याच्या आधीच्या लग्नाच्या मुलांसाठी तिने संगोपन रजा घेतली होती. सावत्र मुलांना सांभाळलं म्हणून स्वतःच्या बाळाची रजा गेली! सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला लावली. आणि लिहिलं की कुटुंब म्हणजे फक्त आई-बाप-मुलं एवढंच नाही. लग्नाविना एकत्र राहणारे, समलिंगी जोडपी, हीसुद्धा कुटुंबं. एकाच निकालात ती नर्स आणि माझा मुलगा. फॉरवर्डवाल्यांनीही दोघांना एकत्रच धरलंय, फक्त गुन्हेगार म्हणून.

बी १०४: हे माहीत नव्हतं.

ए ६०३ (ताई): काका, करिअरवाली सून मीच. सासूबाईंचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. पैसे माझ्या पगारातून जातात, सोबत माझ्या रजेतून. परवा लिफ्टमध्ये त्यांची व्हीलचेअर तुम्हीच आत घेतलीत.

ए ३०१ (काका): मी नीट वाचलाही नव्हता. गावाकडच्या ग्रुपवर आला, पुढे ढकलला. चुकलं माझं. डिलीट करतो.

सी ४०२ (काकू): नका करू काका. राहू दे. आम्ही एवढं कशावर लिहिलं, ते अंगठेवाल्यांनाही कळू दे.